ग्रीस ‘बाहेर येईपर्यंत’ मारायचं नसतं

‘पावसाआधी मोटरची सर्व्हिस स्वतःच करा, रिवाइंडिंगचे पैसे वाचवा’ असा विजेच्या मोटरींबद्दलचा एक मेसेज सध्या फिरतोय. (रिवाइंडिंग म्हणजे मोटरीच्या आतली जळालेली तार नव्याने गुंडाळणं.) गोव्यात वाळपईला माझ्या मावसभावाचं काजूचं युनिट आहे. त्याने तो मला पाठवून खाली विचारलं, “दादा, रविवारी पोरांकडून करून घेऊ?” नको रे बाबा.

सगळ्यात घातक सल्ला हा: ‘शाफ्टजवळून ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. जास्त ग्रीस, जास्त आयुष्य.’ बेअरिंगातली मोकळी जागा ढोबळमानाने तिसरा हिस्सा ते अर्धी भरायची असते. गच्च भरलं की गोळ्या नुसतं ग्रीस घुसळत राहतात, बेअरिंग तापतं, ग्रीसमधलं तेल सुटून जातं आणि मागे घट्ट खळ उरते. आणि ग्रीस बाहेरच येईल हे कुणी सांगितलं? आतल्या बाजूने ते वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवर उतरतं, त्यावर टरफलांची धूळ चिकटते, की झालाच काळा चिखल. पैसे वाचवायला निघालेला माणूस असा रिवाइंडिंगवाल्याच्याच दारात उभा राहतो.

एका वेळी किती ग्रीस द्यायचं याचं, बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफ कंपनीचं सूत्र अगदी साधं आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.005, उत्तर ग्रॅममध्ये. 6309 बेअरिंग घ्या. व्यास 100, रुंदी 25, म्हणजे साडेबारा ग्रॅम. बस्स. आपली गन एका दाबाला किती ग्रॅम टाकते हे आधी वजनकाट्यावर बघून घ्या, कारण दोन गनांचं माप सारखं नसतं.

आता ‘बाहेर येईपर्यंत’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मानतो. ज्या मोटरीला खाली ड्रेन प्लग आहे, तिथे तो उघडून, मोटर चालू ठेवून मापाने ग्रीस दिलं की जुनं तिथून निघतं. पण मेसेजात प्लगचा उल्लेखच नाही! कित्येक मोटरींचा तो प्लग रंगाखाली बुजलेला असतो.

दुसरं रत्न: ‘आयपी 55 मोटर वॉटरप्रूफ, प्रेशर वॉशरने धुवा.’ आयपी 55 मधला पहिला 5 धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. त्या दुसऱ्या 5 ची चाचणी 6.3 मिलिमीटरच्या नोझलने, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून, अशी होते. गाडी धुवायच्या वॉशरचा दाब शंभर बारच्या घरात असतो. तो शाफ्टच्या सीलवर रोखलात तर पाणी आत जाणारच. मोटरीच्या अंगावरच्या फिन्सवरची, म्हणजे उभ्या पट्ट्यांवरची धूळ काढा हे मात्र बरोबर, ती साचली की मोटर तापते. त्याला ब्रश आणि कमी दाबाची कोरडी हवा पुरते, तीही सप्लाय तोडून.

‘कुठलंही ग्रीस चालतं’ हेही खोटं. लिथियम आणि पॉलियुरिया ही दोन जातींची ग्रीसं एकत्र आली तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहतात. ज्यावर झेडझेड किंवा 2आरएस लिहिलेलं असतं त्या दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंगचं झाकण उचकटून ग्रीस भरणं तर सोडाच. असं बेअरिंग खराब झालं की अख्खं बदलायचं.

आणि गोव्यात ज्याची खरी गरज, ते मेसेजात नाहीच. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला युनिट बंद राहतं, भर पावसात मोटरी दमट हवेत थंड पडून असतात. सुरू करण्याआधी सप्लाय तोडून 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर लावा. आपल्या 415 व्होल्टच्या मोटरीला 5 मेगाओहमपेक्षा कमी आलं, तर आधी वाइंडिंग सुकवा, मगच स्विच.