‘चारशेवीस’ पौंडांच्या सहा प्लेट्स : गाळ्याच्या मालकिणीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री जेवताना मुलाने वाचून दाखवला. आधी माफी मागते. तुम्ही हौसेने माझ्याकडून वेजवुड या इंग्रज कारखान्याच्या सहा जुन्या माजोलिका, म्हणजे काचेसारख्या रंगीत झिलईच्या, प्लेट्स नेल्यात आणि तुम्हाला मनस्ताप झाला, याचं वाईट वाटतं. बांधाबांध करताना माझी एक चूक झाली आहे, ती पुढे कबूल करतेच. पण एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते असं: “सहाचा सेट म्हणून दिला, त्यात एक नकली प्लेट घुसडली. सगळ्यांच्या मागे तीन-तीन टवके. दोनदा धुतल्या तर तडे. मराठी म्हणून विश्वास ठेवला आणि या बाईंनी घेतले चारशेवीस पौंड. आकडाच काय ते सांगतो.” हे वाचल्यावर ताट तसंच राहिलं. गाळ्यात तुम्ही मला काकू म्हणत होतात, रिव्ह्यूत मी ‘या बाई’ झाले.

आकड्याचं आधी बोलते, कारण लागलाय तोच.

४२० हा आकडा माझा नव्हे. प्लेट्सच्या कार्डावर ४८० लिहिले होते. सहावी प्लेट थोडी वेगळी आहे हे सांगून मीच आपणहून ३० कमी केले, म्हणजे ४५०. तुम्ही म्हणालात ४००, एक पेनी वर नाही. मी ४४० म्हटलं. मग तुमचे मिस्टर दारातून म्हणाले, “काकू, चारशेवीस करा आणि विषय संपवा.” आपण तिघंही किती हसलो! शेजारच्या गाळ्यातल्या इंग्रज गृहस्थांनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी त्यांना कलम ४२० काय असतं ते समजावून सांगितलं. (नव्या कायद्यात ते कलम ३१८ झालंय म्हणे, पण बदनामी अजून ४२०च्याच वाट्याला.) तो विनोद तुमच्या घरचा होता. तोच आता माझ्या नावापुढे कायमचा चिकटला आहे आणि नवीन गिऱ्हाईक दुकानाचं नाव शोधायला गेलं की पहिलं तेच दिसतं.

आता सहावी प्लेट. ती नकली नाही. ती वेगळ्या वर्षाची आहे आणि हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं, वर पावतीवरही लिहिलं.

तुमच्याकडे त्या सहाही प्लेट्स असतीलच, तर एक उलटी करा. टॉर्च तिरका धरा, समोरून धरलात तर काही दिसणार नाही. झिलईखाली दाबून उठवलेलं ‘वेजवुड’ हे नाव दिसेल आणि त्याच्या जवळपास तीन बारीक अक्षरं. वेजवुडने १८६० पासून ही पद्धत ठेवली होती. पहिलं अक्षर महिन्याचं, दुसरं कामगाराचं, तिसरं वर्षाचं. तुमच्या पाच प्लेट्सवर तिसरं अक्षर ‘एच’ आहे, म्हणजे १८७९. सहावीवर ‘के’ आहे, म्हणजे १८८२. तीन वर्षांचा फरक, बस्स. अक्षरं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, त्यामुळे ‘एच’ १९०५ चाही असू शकतो अशी शंका कोणी काढेल. पण १८९१ पासून अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे मालावर देशाचं नाव घालावं लागायचं, तेव्हापासून ‘इंग्लंड’ असा शिक्का येतो. तुमच्या एकाही प्लेटवर तो नाही. हे सगळं मी तुम्हाला भिंग देऊन दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात, मिस्टरांनी मात्र पाहिलं.

मागचा, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा शिक्का बघून तुमच्या भावाने “सगळ्यांवर एकच तारीख आहे, मग ही बाई दोन वर्षं कुठून काढते” असं खाली लिहिलंय. त्यांनाही सांगा, तो शिक्का नक्षीच्या नोंदणीचा आहे. नक्षी कधी नोंदवली ते तो सांगतो, प्लेट कधी भाजली ते नाही. एकदा नोंदवलेली नक्षी कारखाना पुढे कितीतरी वर्षं काढत राहायचा.

आणि रंगाचं म्हणाल तर सहावीच्या नक्षीतला पंखा इतरांपेक्षा जरा गडद निळा आहे, हे खरंच आहे. असणारच. ही झिलई मुली-बायका कुंचल्याने हाताने लावत. भट्ट्या कोळशाच्या. वरच्या थरात ठेवलेली प्लेट आणि तळाशी ठेवलेली प्लेट एकाच दिवशी भाजली तरी सारखी निघत नसे, इथे तर मध्ये तीन वर्षं गेली. तुमच्या पाच ‘एच’मध्येसुद्धा दोघींची सायीच्या रंगाची जमीन पिवळसर आहे आणि तिघींची पांढरट, ते तुम्ही पाहिलं नाहीत. सहावीत खोट काढायची होती म्हणून तिचाच रंग दिसला.

सहाही प्लेट्स एकाच वर्षाच्या, एकाच घरातल्या, एकही टवका नसलेल्या मिळत नाहीत असं नाही. मिळतात. पण त्यांची किंमत ऐकून तुम्ही पाणीसुद्धा न पिता निघाला असतात. मुळात हे डिझर्टचे सेट बहुधा बारा प्लेट्सचे असत, सोबत फळं ठेवायची उंच आणि बसकी तबकं. मग पिढ्या बदलल्या, वाटण्या झाल्या. चार थोरलीला, चार धाकटीला, दोन मोलकरणीच्या हातून गेल्या. आपल्याकडे आजीच्या पितळी डब्यांचं होतं तेच. त्यामुळे विखुरलेलं जुळवून सेट करणं हा या धंद्यातला रोजचा भाग आहे. इथले जुने व्यापारी अशा जुळवणीला ‘लग्न’ म्हणतात. लग्न लावण्यात लबाडी नाही, लपवून लावण्यात आहे. मी तर मुलीचं वय पत्रिकेतच लिहून दिलं होतं.

वेळेचंही एक सांगते, रिव्ह्यूत “घाईघाईत गळ्यात मारल्या” असं आहे म्हणून. आमचा बाजार पाचला बंद होतो. तुम्ही आलात पावणेपाचला. तीन तास गाडी चालवून आलात म्हणून मी रखवालदाराला विनंती करून थांबले आणि आपण निघालो तेव्हा सहा वाजून गेले होते. त्यातला अर्धा तास तर तुम्ही इटलीच्या बशा मागत होतात त्यात गेला. मी कंटाळले नाही हं, मला हे सांगायला आवडतं. फाएन्झा, डेरुटाकडच्या त्या बशांवर कथिलाची पांढरी झिलई आणि तिच्यावर कुंचल्याचं चित्र असतं. इथली माजोलिका वेगळी. नक्षी साच्यातूनच उठावाची येते आणि तिच्यावर शिशाच्या रंगीत झिलया. लिऑन आर्नू नावाच्या फ्रेंच माणसाने मिंटनच्या कारखान्यात ती बसवली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी पाहिली. मिंटनवाले तिला एका जुन्या फ्रेंच कुंभाराच्या नावाने ‘पॅलिसी’ म्हणायचे, लोकांनी माजोलिकाच नाव चालवलं. वेजवुड नंतर या धंद्यात उतरलं आणि तुम्ही घेतलीत ती सायीच्या रंगावरची ‘आर्जेंटा’ त्यांनी काढली. हे ऐकूनच तुम्ही म्हणालात ना, “मग आम्हाला हेच हवं”? याला गळ्यात मारणं म्हणतात का?

टवक्यांचं थोडक्यात. ते टवके नाहीत. प्लेट सगळीकडून झिलईची असल्यामुळे भट्टीत तशीच ठेवली तर खाली चिकटून बसली असती, म्हणून तीन टोकांच्या मातीच्या तिकाटण्यावर टेकवून भाजत. त्याच्या खुणा आहेत त्या. नसत्या तर मी घाबरले असते.

तड्यांबद्दल मात्र मला तुमचा राग येत नाही, काळजी वाटते. तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत प्लेटच्या मागे भांडी धुण्याच्या मशीनची जाळी दिसते आहे. ताई, ही चिनी मातीची बरणी नव्हे. आतली माती सच्छिद्र, माठासारखी पाणी पिणारी. गरम पाण्याने माती आणि झिलई वेगवेगळ्या मापाने ताणल्या जातात, झिलईत बारीक चिरांची जाळी पडते, तिच्यातून साबणाचं पाणी आत जातं आणि मग तपकिरी डाग. सहापैकी दोघींना थोडी जाळी आधीच होती, ती मी दाखवली होती. आरपार तडा एकीलाही नव्हता. बाजारात माठ घेताना वाजवून घेतो तशा सहाही प्लेट्स मी तुमच्यासमोर टिचकी मारून वाजवल्या, एकही बद्द वाजली नाही. जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखालीही धरल्या, कुठे डागडुजी केलेला रंग चमकला नाही.

आणि पहिला फोटो. पाडव्याचं श्रीखंड-पुरी. फोटो सुंदर आलाय, खरंच. पण तो बघून माझ्या पोटात गोळा आला. या झिलईत शिसं आहे. ती लावणाऱ्या बायकांना शिशाची बाधा व्हायची, इथल्या कुंभारवाड्यांचा तो काळा इतिहास आहे. आंबट पदार्थाने शिसं सुटतं. श्रीखंड आंबट, लिंबू आंबट, आमसुलाचं सार तर विचारूच नका. मुलांना यात मुळीच वाढू नका, जाळी पडलेल्या प्लेटमध्ये तर कोणालाच नको. भिंतीवर लावा, कपाटात काचेमागे ठेवा.

इथे माझी चूक. “जेवायला वापरू नयेत, मशीनमध्ये घालू नयेत” असं मराठीत लिहिलेलं कार्ड मी खोक्यात घातलं होतं, पण ते गेलं बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या तळाशी. ते खोक्याच्या वर असायला हवं होतं आणि मी तोंडीही ठासून सांगायला हवं होतं. सहा वाजले होते, रखवालदार किल्ल्या वाजवत होता, राहून गेलं. त्याबद्दल हात जोडून माफी. पुढे कार्ड वर ठेवू आणि बाकीचीही काय ती व्यवस्था बघू.

“ऑनलाइन अशा प्लेट्स पंचवीस पौंडांना मिळतात” हेही वाचलं. मिळत असतील. फोटोत काठ झाकलेला असतो. मी दर शनिवारी पहाटे चारला उठून बाजार फिरते, शंभर प्लेट्स हातात घेते तेव्हा सहा आणते. गाळ्याचं भाडं गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय, भरावंच लागतं. हे रडगाणं नाही, हिशोब आहे.

माझ्यावर विश्वास नसेल तर बार्लस्टनला वेजवुडचा संग्रह आहे, तिथे जाऊन आर्जेंटा बघा आणि मग लिहा. तुम्हाला ‘के’ प्लेट नकोच असेल तर ती एकटी मी परत घेईन, ६० पौंड देऊन. सगळा सेट परत करायचा असेल तर मशीनमधून निघालेल्या प्लेट्स आधी बघाव्या लागतील, त्यावर काय ते बोलू. मंगळवारी गाळा बंद असतो. बाकी कधीही या, फक्त साडेतीनपर्यंत पोचा. आल्यावर चहा माझ्याकडून, तो रागातही देईन. मिस्टरांनाही घेऊन या, आकडा कोणाचा ते त्यांनाच विचारू.

पावती सापडत नसेल तरी चालेल. माझ्या वहीत कार्बनची प्रत आहे, तिच्यावर ‘५ एच + १ के’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे.