हॉकीप्रेमी दिसायचंय? मग मॅच तेवढी बघू नका

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकला आपण ऑस्ट्रेलियाला 3-2 हरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतले एक काका लिफ्टमधे पेढे घेऊन भेटले. "52 वर्षांनी रे ऑलिंपिकमधे हरवलं त्यांना! मी तर आधीपासून म्हणत होतो." गोल कुणी मारले विचारलं तर छाती काढून म्हणाले, श्रीजेश.

तेव्हा पटलं की हॉकीप्रेम कसं असावं हे आपल्याला कधी कळलंच नाही. तुम्ही तरी शिकून घ्या.

हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे असं दर चार वर्षांनी म्हणायचं. सरकारनं कुठलाच खेळ तसा जाहीर केलेला नाही वगैरे कुणी बोललं तर त्याला ग्रुपमधून काढा.

नावं दोनच पाठ करा, ध्यानचंद आणि धनराज.

मॅच बघायची वेळ आलीच तर मधेमधे ऑफसाईड ऑफसाईड ओरडा. हॉकीतून तो नियम जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, पण शेजारच्याला कुठे माहितीय.

आणि नुसती दोन देशांची सिरीज असेल तर अजिबात बघू नका, मी हा गाढवपणा केलाय म्हणून सांगतो. त्याच वर्षी एप्रिलमधे पर्थला भारत-ऑस्ट्रेलिया पाच मॅच होत्या, ऑलिंपिकच्या तयारीच्या. पर्थ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे जागरण नाही काही नाही. 13 तारखेला शेवटची मॅच, शनिवार, आपण 0-4 नं मागे, म्हटलं क्लबहाऊसच्या मोठ्या टीव्हीवर बघू. तिथे आदल्या रात्रीच्या आयपीएलचे हायलाईट्स चालू. मुंबईचे नाहीत, चेन्नईचे नाहीत, लखनौ-दिल्ली! बघतंय कोण? दोघं रमी खेळतायत आणि हेच पेढेवाले काका सोफ्यावर घोरतायत. रिमोटला हात लावला मात्र, काका टक्क जागे. "अरे बघतोय ना मी!" म्हटलं काका, शेवटची मॅच आहे. "हॉकी? चार हरलेत की, आता काय बघायचं त्यात?" मी त्यांना समजावायला गेलो की पहिली 1-5 हरलो, तिसरी 1-2, म्हणजे अंतर कमी होतंय, आणि याच ऑस्ट्रेलियाकडून कॉमनवेल्थच्या फायनलला 2010 ला आठ आणि 2022 ला सात गोल खाल्लेत आपण, तेही एकही न मारता, त्या मानानं ही टीम... काकांनी आवाज वाढवला. मग जिन्यात बसून मोबाईलवर बघितली, तिथे रेंजची बोंब, पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलची हुकमी संधी, कडेवरून बॉल आत ढकलला की स्क्रीनवर गोल चक्र, आणि चक्र थांबेपर्यंत सगळे परत निघालेले, गोल झाला की हुकला तेच कळेना. 2-3. सिरीज 0-5. वर चहाला जाताना काका जिन्यात थांबून विचारतात, "हरले ना? सांगितलं होतं मी."

हां, सांगितलं होतं.

अहो काका, नको मला तुमचा पेढा. ऑगस्टमधले ते 3-2 आभाळातून पडले नाहीत. एप्रिलमधे पाचही मॅच हरले तीच ही पोरं, तोच कॅप्टन हरमनप्रीत, पॅरिसला दोन गोल त्यानंच घातले, श्रीजेश गोलकीपर होता, गोल अडवायचा तो! तेव्हा तुम्हाला दहा मिनिटं बघवलं नाही आणि आता 52 वर्षांचा हिशोब मला सांगताय? आणि तुम्ही एकटे नाही, ही अख्खी सोसायटी तसलीच. धनराज पिल्ले खडकीचा, नदीपलीकडचा, आणि इथे निम्म्या लोकांना तो मद्रासचा वाटतो. पिंपरीत नेहरूनगरला ध्यानचंदांच्या नावानं हॉकीचं स्टेडियम आहे, आतून बघितलंय कुणी? स्टेटसला फोटो टाकायला मात्र सगळे पुढे. लाज वाटत नाही?

पुढची सिरीज लागेल तेव्हा खुशाल झोपा सोफ्यावर, पण रिमोट माझ्याकडे देऊन झोपा.