आर-स्क्वेअर ०.९७ आला, बरं मग?

माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट नीट वाचली. म्हणणं थोडक्यात असं, की शेतमालाच्या भावाच्या अंदाजाला आजही अरिमा (जुन्या भावांवरून पुढचा भाव काढणारं पारंपरिक सांख्यिकी मॉडेल) वापरणं म्हणजे मागासपणा, तुमच्या एलएसटीएमचा (क्रमाने येणाऱ्या आकड्यांवर शिकणारं न्यूरल नेटवर्क) आर-स्क्वेअर, म्हणजे अंदाज खऱ्या भावाशी किती जुळतो याचं माप (१ म्हणजे तंतोतंत), ०.९७ आहे, आणि 'मागच्या महिन्याचा भाव तोच पुढचा' असल्या पोरकट (नाइव्ह) अंदाजाशी तुलना करून मी वाचकांचा वेळ घालवला.

त्या पोरकट अंदाजाबद्दलच बोलू. भाव आधीच्या भावाला चिकटून चालतो, त्यामुळे मागचा आकडा नुसता कॉपी केला तरी आर-स्क्वेअर भरपूर येतो, काहीएक न शिकता. तुमचा ग्राफ झूम करून बघा, अंदाजाची रेघ खऱ्या भावाच्या मागून एक महिना उशिरा धावत असेल तर तुमचं मॉडेलही कॉपीच करतंय, फक्त जास्त वीज जाळून! भावातल्या बदलावर आर-स्क्वेअर काढा, मग कळेल किती उरतो ते. आणि टेस्टचे महिने शफल करून निवडले असतील तर विषयच संपला, कारण मॉडेलने पुढचे महिने आधीच बघितलेत.

दुसरं म्हणजे डेटा. दहा वर्षांचे मासिक भाव म्हणजे १२० आकडे, आणि ५० युनिटचा एकच एलएसटीएम थर, एकच इनपुट, तरी त्याला १०,४०० पॅरामीटर, म्हणजे डेटावरून शिकायचे आकडे, लागतात. एवढ्याशा डेटावर तो पाठांतरच करणार ना. एम४ या अंदाज-पद्धतींच्या स्पर्धेत १ लाख सिरीज (काळाप्रमाणे मांडलेल्या आकड्यांच्या मालिका) होत्या, तिथेही निव्वळ मशीन लर्निंगच्या सहा पद्धतींपैकी एकच 'नाइव्ह २'च्या, म्हणजे हंगामाचा परिणाम जमेस धरलेल्या नाइव्हच्या, पुढे गेली. जिंकलं ते एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग (ताज्या आकड्यांना जास्त वजन देणारी जुनी सांख्यिकी पद्धत) आणि न्यूरल नेटवर्कचं मिश्रण. हां, त्यापुढच्या एम५ स्पर्धेत बूस्टिंगवाल्यांनी (एकामागून एक छोटी मॉडेलं जोडत चूक कमी करणारी मशीन लर्निंगची पद्धत) बाजी मारली हे खरं, पण तिथे एकमेकांशी नातं असलेल्या हजारो सिरीज एकत्र शिकवता येत होत्या. तुमच्याकडे तसे खूप बाजार, खूप माल असेल तर मीही तेच वापरेन.

गार्च, म्हणजे चढउताराच्या जोराचा अंदाज करणारं मॉडेल, त्याबद्दल तुम्ही 'ते शेअरवाल्यांचं' म्हणालात, ते नाही पटलं. साठा तळाला गेला की थोड्याशा टंचाईनेही भाव उसळतो, साठा भरपूर असला की तेवढ्याच टंचाईने फारसा हलत नाही, म्हणजे चढउताराचा जोर काळाप्रमाणे बदलतो, आणि गार्च तोच पकडतं. अंदाजाचा पट्टा किती रुंद ठेवायचा हे त्यावरून ठरतं, मधला आकडा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने गहू उसळला तो तर नुसत्या जुन्या भावांवरून कुठल्याच मॉडेलला दिसला नसता, तुमच्याही नाही.

तर दर महिन्याला एक पाऊल पुढे सरकत शेवटची तीन वर्षं चालवा, सोबत नाइव्ह, हंगामी नाइव्ह (मागच्या वर्षी त्याच महिन्याचा भाव) आणि अरिमा ठेवा, चुकांतल्या फरकावर डायबोल्ड-मारियानो टेस्ट (दोन अंदाजांतला फरक खरा की योगायोग हे तपासणारी) लावा आणि आकडे इथेच टाका. एलएसटीएम जिंकलं तर पुढची पोस्ट त्यावरच लिहितो.