रोझ हॉलच्या ‘चेटकिणी’चे तीन नवरे कागदावर सापडत नाहीत

जमैकात माँटेगो बेजवळ रोझ हॉल नावाचा उसाचा जुना मळा आहे. मालकीण ॲनी पामर चेटकीण होती, तिने लागोपाठ तीन नवरे मारले, मळा एकटीने गिळला आणि १८३१ च्या गुलामांच्या बंडात एका गुलामाने तिचा गळा दाबला, असं सगळीकडे सांगितलं जातं. दस्तऐवज पाहिले तर यातलं काहीच टिकत नाही.

आधी नवरे. ॲनीचं लग्न मार्च १८२० मध्ये जॉन रोझ पामरशी झालं. तिच्या नावावर खपवलेली जास्तीची लग्नं याच मळ्याच्या आधीच्या मालकिणीची, रोझा केलीची, तीही आधीच्या शतकातली. रोझाचा पहिला नवरा हेन्री फॅनिंग. त्याने १७४६ च्या सुमारास जमीन घेतली आणि काही महिन्यांतच तो वारला. मग जॉर्ज ॲश, नॉरवुड विटर आणि १७६७ मध्ये जॉन पामर. आजचा वाडा पामरने बांधलेला. रोझा १७९० मध्ये वारली, तेव्हा हा चौथा नवरा हयात होता.

मळा गिळल्याचा आरोप तर फारच कच्चा. रोझाचा चौथा नवरा जॉन पामर १७९७ मध्ये वारला तेव्हा मळ्यावर कर्ज होतं, आणि मळा विश्वस्तांकडे गेला. वारस इंग्लंडात. अशा मळ्यांचा मालक शोधताना हमखास फसगत होते ती इथे: पीकहिशेबावर, म्हणजे मळ्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या हिशेबावर, सही मुखत्याराची, उत्पन्नावर डोळा गहाणदाराचा, मृत्युपत्रात नाव तिसऱ्याचंच. नुसती सही पाहून मालक ठरवू नये. मृत्युपत्र, गहाणखत, पीकहिशेब आणि गुलामांची नोंदवही शेजारी-शेजारी ठेवून सही कोणत्या नात्याने केली आहे ते वाचावं. ॲनीचा नवरा जॉन रोझ १८२७ मध्ये वारला तो कर्जातच. ॲनीला गिळायला उरलं होतं काय?

गळा दाबल्याचं म्हणाल, तर बंड २७ डिसेंबर १८३१ ला केन्सिंग्टन मळ्यावर पेटलं. ॲनी वारली १८४६ मध्ये, जमैकातच बोनाव्हिस्टाला. दफन माँटेगो बेच्या चर्चच्या आवारात.

१९२९ च्या एका कादंबरीने ही दंतकथा घरोघरी नेली. राग येतो तो यासाठी, की एका बाईला चेटकीण ठरवलं की बाकीचे सगळे मालक, विश्वस्त आणि सावकार सुटतात. आणि ज्यांच्या घामावर मळा चालला ती माणसं गोष्टीत बिननावाची राहतात. कागदात त्यांची नावं आहेत: १८१७ पासून दर तीन वर्षांनी भरलेल्या नोंदवहीत नाव, वर्ण, वय, जन्म आफ्रिकेतला की बेटावरचा. पुढच्या खेपांना फक्त भर आणि घट मांडलेली. जन्म भरीत, मृत्यू घटीत.