टण्ण!

काल रात्री सव्वादोन वाजता मी हेडफोन काढून आपटले. बायको दचकून उठली. "काय झालं?" म्हटलं, "फुटला नाही गं." तिला वाटलं मोबाईल. "मग झोप की," म्हणाली आणि कूस बदलली.

टॉर्पेडो फुटला नाही, टॉर्पेडो! पाणबुडीच्या व्हिडिओ गेममधला.

गेममध्ये सप्टेंबर 1939, दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलेलं, आणि हातात टाइप टू ही छोटी जर्मन पाणबुडी. जर्मन खलाशी हिला 'आइनबाउम' म्हणायचे, म्हणजे ओंडका कोरून केलेली होडी. नाव ठेवणारा प्रामाणिक होता. टॉर्पेडो सोडायला पुढे तीन नळ्या, मागे एकही नाही. टॉर्पेडो मोजून पाच. तोफ म्हणाल तर 20 मिलिमीटरची पिचकारी. पाण्याखाली जीव खाऊन पळवली तरी जेमतेम सात नॉट (तासाला साधारण 13 किलोमीटर), आणि तशी पळवली की बॅटरीचा बघता बघता खडखडाट. म्हणून रांगायचं. आठ नॉटने चाललेलं कोळशाचं डबडंसुद्धा मला मागे टाकून जातं आणि मी पेरिस्कोपमधून त्याचा धूर बघत बसतो, शेवटची एसटी चुकल्यासारखा.

काल मात्र सगळं जुळलं होतं. उत्तर समुद्रात दोन तास (माझ्या आयुष्यातले, गेममधले नव्हेत) घालवून, वहीत आकडेमोड करून 800 मीटरवर पोचलो. एकटं मालवाहू जहाज, बरोबर आडवं, आसपास विनाशिका नाही. पहिला सोडला. 30 नॉटने 52 सेकंद लागायला हवेत. विसाव्या सेकंदाला धडाम! मॅग्नेटिक पिस्तूल, म्हणजे जहाजाच्या चुंबकत्वाने टॉर्पेडो उडवणारा खटका, वाटेतच उडालं. जहाज सावध झालं, वळायला लागलं. दुसरा त्याच्या तळाखालून आरामात पलीकडे. तिसरा थेट पोटात लागला.

टण्ण.

बस, एवढंच. आमच्या कुकरचं झाकण पडलं तरी यापेक्षा मोठा आवाज होतो.

यावर शहाणे लोक सांगणार, "अरे, हेच तर रिअ‍ॅलिझम." माहितीय हो! त्याचाच तर जास्त संताप येतो, कारण गेमला शिव्याही घालता येत नाहीत. 14 सप्टेंबर 1939 ला यू-39 या जर्मन पाणबुडीने 'आर्क रॉयल' या ब्रिटिश विमानवाहू जहाजावर सोडलेले टॉर्पेडो अलीकडेच फुटले आणि विनाशिकांनी उलट तिलाच बुडवलं. एप्रिल 1940 मध्ये नॉर्वेत खुद्द प्रीनने, म्हणजे जर्मनांच्या नामांकित पाणबुडी कप्तानाने, नांगरलेल्या जहाजांवर आठ टॉर्पेडो सोडले, एकही जहाज बुडालं नाही. नांगरलेल्या, हलतसुद्धा नव्हती ती! परत आल्यावर त्याने पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याला सुनावलं की लाकडी बंदुकीने लढायला सांगू नका. त्याला सुनवायला डोनिट्झ तरी होता. मी कोणाला सुनावू, झोपलेल्या बायकोला?

सेटिंगमध्ये एक टिक काढली की सगळे टॉर्पेडो गुणी बाळासारखे फुटतात. नाही काढणार. दोन शिल्लक आहेत, जहाज अजून दिसतंय, सेव्ह करून ठेवलंय. सकाळी नऊची मीटिंग मात्र झोपेतच गेली.