हरकती मागवायच्या तर नीट मागवा ना

परत तेच, कचऱ्याचे नियम बदलणार म्हणून पालिकेने हरकती व सूचना मागवल्यात आणि आपल्याला कळतं कधी तर मुदत संपत आल्यावर, तेही सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकली म्हणून. अरे नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीत रोज हाताने सुका कचरा निवडणाऱ्या मावश्या, भंगारवाले, सोसायटीचे सफाईवाले, यांना कुणी विचारलंय का? २०१६ च्या केंद्राच्या नियमांतच लिहिलं होतं की कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, मग नियम बनवताना त्यांना बोलवायला काय होतं?

५००० चौरस मीटरच्या वरच्या गेटेड सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, हेही त्यातच होतं, चांगलंच आहे, पण पार्किंगलाच जागा नाही तिथे खताचा पिट कुठे खणायचा, वास आला की तळमजल्यावाल्यांना काय सांगायचं, हे जे रोज भोगतात तेच सांगू शकतात. आणि एवढं करून मेल पाठवला तर पुढे उत्तर नाही, काही नाही, सूचना वाचली की नाही तेही कळत नाही. मसुदा साध्या मराठीत द्या, संध्याकाळी वॉर्डात सभा घ्या, लोक कामावरून आल्यावर, आणि कुठली सूचना घेतली, कुठली का नाही घेतली, ते लेखी लावा.