स्टँडिंग आहे, मामा!

शिवाजी मंदिरात नाटकं बघण्यात ज्याची हयात गेली, त्याने क्लबात बँड ऐकायला जायला काहीच हरकत नाही. फक्त निघण्यापूर्वी गुडघ्यांची परवानगी घ्यावी. भाचीने तिकीट काढलं तेव्हा मी सवयीने विचारलं, "रांग कुठली?" "अरे मामा, स्टँडिंग आहे!"

बँड कोचीचा, नाव 'व्हेन चाय मेट टोस्ट'. नावातच चहा-टोस्ट, म्हणजे मंडळी आपल्यातलीच. क्लब लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात. दारावरच्या धिप्पाड गृहस्थाने माझं आधार कार्ड मागितलं. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. समोर टक्कल चकाकत असूनही त्याची खात्री पटेना.

आत चहा नव्हता. टोस्ट होता, पण त्यावर मशरूम, मशरूमवर कसलासा पाला आणि किंमत अशी की तेवढ्यात आमच्या वाण्याने महिनाभराचे टोस्ट घरपोच केले असते.

कार्यक्रम नऊचा. साडेनऊला एक मुलगा स्टेजवर आला, मी टाळ्या वाजवल्या. तो केबल लावायला आला होता. मग दुसरा आला, माइकमध्ये "चेक, चेक" म्हणाला आणि गेला. तिसरी घंटा म्हणून काही प्रकारच नाही! याच गिरणगावात एकेकाळी भोंग्यावर घड्याळं लावत.

साडेदहाला बँड आला. आणि खोटं कशाला बोला, पोरं फार गोड गातात. एकाच्या हातात बँजो. आमच्या डोक्यात बँजो म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी, टेम्पोवर कर्णे बांधलेली. हा वेगळा; गोल, कातडं ताणलेला, बोटांनी छेडायचा. पण काय टणत्कार! दुखऱ्या पायांनीही ठेका धरला.

ऐकू येत होतं. दिसत काहीच नव्हतं. पुढे सहाफुटी तरुण, त्याचे हात वर आणि हातात फोन. मी अख्खा बँड त्या फोनच्या पडद्यावर पाहिला. त्याला मध्येच आईचा फोन आला, तेव्हा गायकाच्या जागी बराच वेळ 'मम्मी' दिसत होती.

हळुवार गाणं लागलं की मागच्या घोळक्याला अप्रेझलची आठवण व्हायची. कुणाला किती टक्के मिळाले ते गाण्याच्या वरच्या पट्टीत. मी नाट्यगृहातल्यासारखं "शूऽऽ" केलं. त्यांनी ग्लास उंचावून मला "चिअर्स" केलं.

शेवटी बँड आत गेला, लोक ओरडायला लागले, बँड परत आला. भाची म्हणाली, "ते यादीत आधीच लिहिलेलं असतं, मामा." असेना! गाणं संपताच मी पोटातून आरोळी ठोकली, "वन्स मोअर!" पुढचा सहाफुटी दचकून वळला. "सॉरी अंकल, दिसत नव्हतं का? या ना पुढे!"

मी पुढे गेलो. मघाचा मुलगा केबल गुंडाळत होता.